ड्रॅक्युला वाचताना तारखा लिहून ठेवा



आजचा भाग ज्यांना कॉलेजात ‘ड्रॅक्युला’ लागलाय त्यांच्यासाठी आहे. ‘फ्रँकेन्स्टाइन’ किंवा ‘जेकिल आणि हाइड’ लागलं असेल तरी चालेल. काहीच लागलं नसेल, नुसतीच भुताखेतांची आवड असेल, तर मग तुम्ही आपलेच. आधीच सांगून ठेवतो, पुस्तक १८९७ चं आहे आणि मी त्यातलं बरंच काही फोडणार आहे. नंतर स्पॉयलर म्हणून ओरडायचं नाही.

दुसरं म्हणजे मी साहित्याचा माणूस नाही. बीटेक केलं, पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे, महिन्यातला एक आठवडा ऑन-कॉल असतो. म्हणजे रात्री तीनला फोन वाजतो, कुठेतरी काहीतरी बंद पडलेलं असतं, आणि चार मशीनचे लॉग समोर ठेवून कुठल्या मिनिटाला काय बिघडलं ते शोधायचं. हेच माझं काम. भुतांचं वाचन मात्र जुनं. आजोळी माळ्यावर आजोबांची नारायण धारपांची पुस्तकं होती. ‘लुचाई’ मी सातवीच्या मे महिन्यात वाचली आणि पुढचे आठ दिवस रात्री परसदारी एकटा गेलो नाही. ‘लुचाई’च्या मागे स्टीफन किंगची ‘सेलम्स लॉट’ आहे आणि ‘सेलम्स लॉट’च्या मागे ड्रॅक्युला आहे, हे कळायला इंजिनिअरिंगचं दुसरं वर्ष उजाडलं.

तर झालं असं. माझी मामेबहीण कोल्हापूरला हॉस्टेलवर राहून इंग्रजी घेऊन बीए करतेय, दुसऱ्या वर्षाला. (तिला विचारूनच हा भाग करतोय. ती म्हणाली, सांग, पण सगळं सांग.) तिला असाइनमेंट होती: गॉथिक कादंबरी म्हणून ‘ड्रॅक्युला’ची चर्चा करा, पंधराशे शब्द. तिने ए.आय.कडून लिहून घेतली. मी काही तिला नावं ठेवत नाही, मी रोज तेच करतो, कोडसाठी. मॅडमनी ती वाचली, बाजूला ठेवली आणि एवढंच विचारलं, “तुला या पुस्तकात कुठे भीती वाटली?” हिला सांगता येईना. मॅडम रागावल्या नाहीत. पाच आठवडे देते म्हणाल्या, परत लिही.

त्या रात्री तिने मला ती असाइनमेंट पाठवली. मी वाचली. खोटं एक वाक्य नव्हतं त्यात. जुना किल्ला, अंधार, अलौकिक शक्ती, व्हिक्टोरियन समाजाची चिंता, सगळं जागच्या जागी. आणि ते पुस्तक न वाचलेल्या कुणालाही लिहिता आलं असतं, इतकं ते कुणाचंच नव्हतं.

मग दर रविवारी संध्याकाळी व्हिडिओ कॉल ठरला. ती, तिच्या दोन मैत्रिणी आणि वर्गातला एक मुलगा. चौघंही मराठी माध्यमातली.

पहिल्या रविवारी मी मोठ्या हौसेने गॉथिकचा इतिहास सुरू केला. होरेस वॉलपोल, १७६४, ‘द कॅसल ऑफ ओट्रँटो’. वीस मिनिटांनी पाहिलं तर एक कॅमेरा बंद, एक जण पोहे खातोय. त्या वीस मिनिटांतली एकच गोष्ट त्यांच्या लक्षात राहिली, आणि ती खरंच कामाची होती. वॉलपोलने पुस्तक काढलं तेव्हा ते आपलं म्हणून काढलं नाही. जुनं इटालियन पुस्तक सापडलं आणि हे त्याचं भाषांतर, असं सांगून काढलं. दुसऱ्या आवृत्तीत कबूल केलं की मीच लिहिलंय. म्हणजे ज्याला पहिली गॉथिक कादंबरी म्हणतात तिची सुरुवातच एका बनावट कागदाने झाली. पुढे ‘फ्रँकेन्स्टाइन’ बघा, १८१८: कॅप्टन वॉल्टन बहिणीला पत्रं लिहितोय, त्या पत्रांत व्हिक्टरची कहाणी, आणि तिच्या पोटात त्या राक्षसाची. ‘जेकिल आणि हाइड’, १८८६: शेवटचा उलगडा होतो तो दोन मेलेल्या माणसांनी मागे ठेवलेल्या कागदांतून. या लोकांना सरळ गोष्ट सांगताच येत नाही. दर वेळी कुणाची तरी चिठ्ठी सापडते, वही सापडते.

“का पण?” पोहेवाला म्हणाला.

उत्तर मलाही नीट देता आलं नाही. म्हटलं, ड्रॅक्युला उघडू आणि बघू.

ड्रॅक्युला ज्यांनी फक्त सिनेमात पाहिलाय त्यांना हे माहीत नसतं की कादंबरीत निवेदकच नाही. सगळी फाइल आहे. जोनाथन हार्करची डायरी, त्याच्या बायकोची, म्हणजे मीनाची डायरी, ल्यूसीची पत्रं, डॉक्टर सेवर्डची नोंदवही, तारा, वर्तमानपत्राची कात्रणं, एका जहाजाचं लॉगबुक. ३ मेपासून नोव्हेंबरपर्यंत तारखेवार. कुणीतरी तर त्या त्या तारखेच्या नोंदी त्या त्या दिवशी ईमेलने पाठवायला सुरुवात केली, ‘ड्रॅक्युला डेली’ नावाने. मोबाइलवर वाचणाऱ्यांना ते झकास आहे.

मी हे माझ्या कामाच्या डोळ्यांनी वाचतो, त्याला इलाज नाही. हार्कर डायरी लिहितो ती शॉर्टहँडमध्ये. किल्ल्यात अडकल्यावर तो मीनाला एक पत्र शॉर्टहँडमध्येच लिहून चोरून बाहेर पाठवायला बघतो. ते काउंटच्या हाती लागतं, काउंटला त्यातलं अक्षर कळत नाही, तो चिडतो आणि जाळून टाकतो. चारशे-पाचशे वर्षं जुनं पिशाच, भिंतीवरून पालीसारखं उतरतं, लांडग्यांना हुकूम सोडतं, आणि एन्क्रिप्शनपुढे हात टेकतं!

मग ती तार. व्हॅन हेल्सिंग अँटवर्पहून सेवर्डला तार करतो की आज रात्री ल्यूसीच्या घरी थांब, चुकवू नको. पण पत्त्यात परगणा घातलेला नसतो. तार त्याच नावाच्या दुसऱ्या गावाला जाते, ससेक्सला, आणि बावीस तास उशिरा पोचते. त्या बावीस तासांत ल्यूसीची आई मरते आणि ल्यूसी मरणाच्या दारात जाते. आपल्याकडे पिनकोड चुकला की पार्सल भलत्याच तालुक्यात फिरतं ना, तसं. ब्रॅम स्टोकर हे लिहू शकला याचं मला नवल वाटत नाही. त्याने उमेदवारीच्या काळात डब्लिनला सरकारी नोकरी केली होती, आणि १८७९ साली त्याचं एक पुस्तक आलं होतं ते आयर्लंडमधल्या कनिष्ठ कोर्टांतल्या कारकुनांची कर्तव्यं या विषयावर. कागद हरवला तर काय होतं हे त्या माणसाला पक्कं ठाऊक होतं.

आणि हा ब्लॉग वाचणाऱ्यांसाठी एक खास गोष्ट. डॉक्टर सेवर्ड डायरी लिहीत नाही, बोलतो. फोनोग्राफवर, मेणाच्या नळकांड्यांवर. एकदा मीना त्याला ल्यूसीच्या मृत्यूबद्दल विचारते, तेव्हा त्याच्या लक्षात येतं की आपण महिनोन् महिने रेकॉर्ड केलंय खरं, पण त्यातलं नेमकं हवं ते शोधायचं कसं, याचा आपण कधी विचारच केला नाही. मग मीना बसून ते सगळं टाइप करते. म्हणजे पॉडकास्टची ट्रान्सक्रिप्ट काढणारी पहिली बाई म्हणायला हरकत नाही. वर कार्बन लावून तीन प्रती काढते. पुढे ड्रॅक्युला घरात शिरून हस्तलिखित आणि नळकांड्या आगीत टाकतो, तेव्हा तिजोरीतली प्रत वाचते. माझ्या टीममधल्या प्रत्येकाला मी हा प्रसंग सांगितलाय.

असो. आता लिहायचं कसं, त्याकडे येतो.

दुसऱ्या रविवारी मी इतिहास बंद केला आणि मॅडमचाच प्रश्न पुढे केला. वाचताना जिथे अंगावर काटा आला, किंवा फोन खाली ठेवावासा वाटला, तिथे पान नंबर आणि तारीख लिहून ठेवा. का वाटलं ते आत्ता लिहू नका. फक्त जागा. माझ्या मते हॉररवर लिहिणाऱ्याकडे बाकीच्यांकडे नसलेली एक सोय असते: पुस्तक तुमच्या अंगावर खूण करून जातं. ती खूण म्हणजे पुरावा. तो फेकून देऊन आपण गाइडमधली व्याख्या लिहायला बसतो, तिथे गाडी फसते.

एका मुलीने भिंतीवरून डोकं खाली करून उतरणारा काउंट सांगितला. साहजिक आहे. मी म्हटलं, आता त्या नोंदीत काउंट दिसायच्या आधीपासून वाच. तिने वाचलं आणि पाच मिनिटांनी म्हणाली, “सर, तो आधी घाबरतच नाहीये.” बरोबर. हार्करला खिडकीतून बाहेर आलेलं डोकं दिसतं तेव्हा आधी गंमत वाटते. मग वाटतं चांदण्यामुळे भास होतोय. तो वकील आहे, पुरावा तपासून घेतोय. भास म्हणून सोडून द्यायची वाट एकेक करून बंद होते, आणि तोवर आपणही त्याच्याबरोबर तपासत असतो. झालं की, हाच तिचा पहिला परिच्छेद. (मला सर म्हणू नका हे मी चारदा सांगितलं. शेवटी नाद सोडला.)

पोहेवाल्याला भीती वाटली जहाजाची. मला वाटलंच होतं, ते सगळ्यांनाच आवडतं: एकेक खलाशी नाहीसा होत जातो, शेवटी कप्तान स्वतःला चाकाला बांधून घेतो.

माझी बहीण शेवटी बोलली. तिने १ ऑक्टोबरची नोंद सांगितली होती. मला आठवेना, तिथे काय आहे?

“काहीच नाही दादा. मीना झोपते. धुकं येतं. सकाळी थकवा वाटतो. बस.”

“यात भीती कसली?”

“मला माहितीये ना काय चाललंय ते. तिला माहीत नाही.”

तिसऱ्या रविवारपर्यंत मी त्यांना एक शीट बनवायला लावली. मोबाइलवर होते, सोपी आहे. पहिल्या रकान्यात तारीख, मग कोण लिहितंय, कशावर लिहितंय, कुणी वाचावं म्हणून, आणि शेवटचा रकाना सगळ्यात महत्त्वाचा: या माणसाला आत्ता काय माहीत नाही. आम्ही ऑफिसात काही मोठं बिघडलं की नंतर अहवाल लिहितो, त्याची हीच पद्धत. एकदा आमची एक सेवा सहा तास बंद होती. नंतर कळलं की तीन टीमकडे एकेक तुकडा होता. एकीला वेग मंदावलेला दिसला होता, दुसरीला डिस्क भरलेली, तिसरीने आदल्या दिवशी एक बदल केला होता. तिन्ही तुकडे शेजारी ठेवले असते तर दहा मिनिटांचं काम होतं. कुणी ठेवले नाहीत.

ती शीट सप्टेंबरच्या शेवटाला पोचली की अंगावर येते. तिथे व्हॅन हेल्सिंग आणि बाकीचे पुरुष ठरवतात की आता मीनाला यापुढचं काही सांगायचं नाही. धोक्याचं काम आहे, बाईमाणसाच्या मनाला झेपणार नाही. सगळे तिच्यावर मनापासून प्रेम करणारे, तिला मान देणारे. आणि हीच मीना जिने सगळे कागद गोळा करून, टाइप करून, तारखेवार लावून त्यांच्या हातात दिलेत! तिला बाहेर काढल्याबरोबर कागद शेजारी ठेवणारं कुणी उरत नाही. आता रकाने बघा. सेवर्डच्या नोंदीत वेड्यांच्या इस्पितळातला रेनफिल्ड त्याच रात्री गयावया करतोय की मला इथून हलवा. मीनाच्या डायरीत धुकं आहे, कुत्र्यांचं भुंकणं आहे, विचित्र स्वप्न आहे. जोनाथनच्या डायरीत आहे की मीना जरा फिकट दिसतेय, उठवायला वेळ लागला, दमली असेल बिचारी. तीन वह्या, तीन तुकडे. ल्यूसीला असंच झालं होतं हे सगळ्यांनी वाचलंय. फक्त मीना ते त्यांना सांगत नाही, कारण काळजी करतील. आणि ते मीनाला सांगत नाहीत, कारण तिला त्रास होईल.

त्या पानांत ड्रॅक्युला जवळजवळ दिसतच नाही. तरी पुस्तकातली सगळ्यात भयंकर पानं तीच आहेत, हे मी तेव्हा उत्साहाने सांगत होतो. वॉलपोलपासून हे लोक चिठ्ठ्या-वह्या का वापरतात, त्याचं उत्तर मला तिथे सापडल्यासारखं वाटलं. वाचणाऱ्याच्या हातात सगळे कागद, आणि आतल्या प्रत्येकाच्या हातात फक्त आपापला.

माझं बोलून झाल्यावर बहीण म्हणाली, “दादा, दुसरा ग्रुप.”

बाकी तिघांना कळलं नाही. मला कळलं.

आता हे सांगतो. गेल्या वर्षी तिची परीक्षा चालू होती तेव्हा आजोबांना दवाखान्यात ठेवलं. तिचे आजोबा म्हणजे माझ्या आईचे वडील, तेच, धारपांची पुस्तकं जमवणारे. घरात ठरलं, तिला इतक्यात सांगायचं नाही. पेपर होऊ देत, उगाच मन लागणार नाही. मामा म्हणाला, आई म्हणाली, मीही म्हणालो. पण घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ती होती. मग रिपोर्ट, औषधं, कोण रात्री थांबणार हे टाकायचं कुठे? तेव्हा तिला वगळून दुसरा ग्रुप केला. मीच केला. असली कामं घरात माझ्याकडेच असतात.

पहिले चार दिवस आजोबा बोलत होते. तिची चौकशीही केली. पाचव्या दिवशी व्हेंटिलेटर लावला. नवव्या दिवशी तिचा शेवटचा पेपर झाला, संध्याकाळी तिला सांगितलं, रात्री ती पोचली. अकराव्या दिवशी आजोबा गेले. कोल्हापूरहून कराड, तासा-दीड तासाचा रस्ता.

तिने तेव्हा कुणाला काही विचारलं नाही. आम्हाला वाटलं, समजूतदार आहे.

त्या रविवारी कॉल पंधरा मिनिटं आधीच संपला. मी रात्री तिला फोन केला, सॉरी म्हणायला. ती म्हणाली, “सॉरी नंतर. आधी सांग, हे असाइनमेंटमध्ये लिहिता येतं का?”

हा प्रश्न तुमच्यातल्याही कित्येकांना पडत असणार, म्हणून माझं उत्तर सांगतो. ते मी विचार करून दिलं होतं, आणि अजूनही मला ते बरोबर वाटतं. आजोबा असाइनमेंटमध्ये येणार नाहीत. कारण मॅडम त्यावर काय बोलणार? तो विषय वाद घालण्याचा उरत नाही. पण आजोबांमुळे तुला १ ऑक्टोबरची नोंद दिसली, जी मला तीन वेळा वाचूनही दिसली नव्हती. तो तुझा टॉर्च आहे. उजेड पुस्तकावर पाड.

तिचा पहिला मसुदा रागात लिहिलेला होता. व्हॅन हेल्सिंगच खरा खलनायक, असा सूर. मी त्यावर काय बोलणार, मीच त्या टोळीतला. फक्त एक नियम आठवण करून दिला जो मी सगळ्यांना दिला होता: तुमचं मुख्य वाक्य असं हवं की शेजारचा म्हणेल, छे, मला नाही पटत. ‘ड्रॅक्युला ही गॉथिक कादंबरी आहे’ यावर कोण भांडणार? पण ‘या कादंबरीत माणसं एकमेकांपासून कागद लपवतात तेव्हा तेव्हा हरतात’ यावर भांडता येतं. आणि भांडता येत असेल तर मग जो भांडेल त्याची बाजूही तुम्हीच आधी शोधायची.

पोहेवाला भांडला नाही, उलट त्याने तिला पुरावा आणून दिला. ल्यूसीच्या खोलीत व्हॅन हेल्सिंग लसणाची फुलं लावतो, खिडक्या बंद करतो. कशासाठी ते तिच्या आईला सांगत नाही, कारण आईचं हृदय नाजूक, धक्का सोसणार नाही. आई रात्री खोलीत येते, वासाने कोंडल्यासारखं होतंय म्हणून प्रेमाने फुलं काढते आणि खिडकी उघडते. आणि या आईने आपला आजार ल्यूसीपासून लपवलेला असतो, तिला काळजी नको म्हणून. हे मला खरंच सुचलं नव्हतं. त्या घरात सगळेच एकमेकांना जपतायत.

चौथ्या आठवड्यात मधेच, बुधवारी रात्री साडेअकराला बहिणीचा मेसेज आला: प्रकरण चोवीस वाच. नुसतं एवढंच.

वाचलं. तोवर मीनावर हल्ला झालेला असतो. पुरुषांना चूक कळलेली असते, आता काहीही लपवायचं नाही असं ठरलेलं असतं. पण ड्रॅक्युलाचा आणि मीनाच्या मनाचा आता धागा जुळलाय, तिला कळेल ते त्यालाही कळू शकतं. तेव्हा मीना स्वतः जोनाथनकडून वचन घेते की मोहिमेचे बेत मला सांगू नकोस. म्हणजे परत तेच! परत तिला काही माहीत नाही. तिच्या मूळ वाक्याला हे सरळ छेद देत होतं: लपवलं की हरतात म्हणालीस, मग इथे लपवूनही जिंकतात की.

मी तिला लिहिलं, आता काय करणार? तिचं उत्तर मी स्क्रीनशॉट काढून ठेवलंय. “पहिल्या वेळी त्यांनी ठरवलं. दुसऱ्या वेळी तिने ठरवलं. शीटमध्ये दोन्ही ठिकाणी ‘माहीत नाही’ असंच आहे म्हणून दिसलं नाही. एक रकाना वाढवावा लागेल.”

हाच तिच्या असाइनमेंटचा मधला भाग झाला. रागाचा मसुदा गेला. व्हॅन हेल्सिंग खलनायक राहिला नाही, चांगला माणूस म्हणूनच राहिला, आणि त्यामुळे लेख जास्त बोचरा झाला असं मला वाटलं. (मला बोचणारच, ती गोष्ट वेगळी.)

लिहिण्याबद्दल बारीकसारीक दोन गोष्टी सांगून टाकतो, कारण तुम्ही विचारणारच. चौघांनीही पहिला मसुदा मराठीत लिहिला. इंग्रजीत विचार करून इंग्रजीत लिहायला गेलं की आपण येतात ती वाक्यं लिहितो, म्हणायची ती राहून जातात. इंग्रजी नंतर करता येतं, तिथे मदत घ्या, शब्दकोश घ्या, मशीनही घ्या. आणि कथानक सांगू नका. मॅडमनी पुस्तक वाचलंय. एखाद्या परिच्छेदात तुमची सगळी वाक्यं ‘मग तो गेला, मग तिने पाहिलं’ अशी असतील तर तो अख्खा उडवा. अवतरण घ्याल तर छोटं घ्या आणि त्यातल्या एका शब्दावर तरी थांबा. नुसतं चिकटवून पुढे जायचं नाही. पुस्तक फुकट आहे, प्रोजेक्ट गुटेनबर्गवर. ऐकायचं असेल तर लिब्रिव्हॉक्सवर.

तिने पाचव्या आठवड्यात दिलं. साडेसोळाशे शब्द झाले. मॅडमनी परत तोच प्रश्न विचारला. तिने पान उघडून १ ऑक्टोबरची नोंद दाखवली. मॅडम म्हणाल्या, इथे तर काहीच होत नाही. ही म्हणाली, हो. मार्क किती पडले ते तिने सांगू नको म्हटलंय, चांगले पडले एवढं चालेल.

नंतर पंधरा दिवसांनी तिने मला त्या दुसऱ्या ग्रुपचं चॅट एक्स्पोर्ट करून मागितलं. आईला, मामाला विचारावं का असा विचार आला. मग म्हटलं, परत तेच करतोय मी. पाठवलं.

तिने शीट बनवली. तारीख, वेळ, कोण लिहितंय. डाव्या बाजूला आमचा ग्रुप, उजव्या बाजूला त्याच दिवसांतले तिचे मेसेज, पहिल्या ग्रुपवरचे आणि मला वेगळे केलेले. तिसऱ्या दिवशी, सकाळी नऊ वाजून चाळीस मिनिटांनी, डावीकडे मामा: नाना आज बरे आहेत, चहा घेतला, हिची आठवण काढत होते. उजवीकडे, दहा वाजून पाच मिनिटांनी, ती मला: दादा, आजोबा फोन का उचलत नाहीयेत? त्याखाली मी: अगं, त्यांचा चार्जर बिघडलाय.

ती शीट तिने माझ्याशी शेअर केलीय. बघता येते, काही बदलता येत नाही.